अण्णांचं टोकणं

घराबाहेर पाऊल टाकणाऱ्याला "कुठं निघालात?" असं विचारू नये, हे आमच्या भागात लहान पोरालाही ठाऊक असतं. त्याला टोकणं म्हणतात, आणि टोकलं की हातातलं काम फिसकटतं असा समज. आमच्या आईला कोणी टोकलं तर ती पायरीवरून माघारी फिरायची, गुळाचा खडा तोंडात टाकायची, पाच मिनिटं पाटावर बसायची आणि मगच बाजाराला जायची. असल्या घरात वाढलेला मी नोकरीच्या पहिल्याच दिवशी, पहिल्याच कामावर निघालो, तर खोलीच्या दारात खाकी स्वेटर घातलेले एक उंच, सडसडीत गृहस्थ आडवे आले आणि म्हणाले, "कुठं निघालाव, सायब?"

मी मनातल्या मनात चरफडलो. "परातीकडं."

"घड्याळ दावा."

मी मनगट पुढं केलं. त्यांनी ते आपल्या घड्याळाशी ताडून पाहिलं. "दोन मिनिटं मागं हाय तुमचं. दोन मिनिटांत ते ममईवरून नागपूरच्या पल्याड जातंय. गेल्यावर परात फिरवून काय गावायचं?" एवढं बोलून त्यांनी माझं घड्याळ स्वतःच्या हातानं लावून दिलं आणि ते बाजूला झाले. हवालदार धोंडीराम बनसोडे यांची आणि माझी ही पहिली भेट. सगळे त्यांना अण्णा म्हणत. ते पन्नाशीला टेकले होते आणि मी चोवीस वर्षांचा होतो. कागदोपत्री मी त्यांचा वरिष्ठ होतो.

"ते" म्हणजे काय आणि परात म्हणजे काय, हे आधी सांगायला हवं. सत्तरचं दशक संपत आलं होतं. येडशीच्या पुढं, रामलिंगच्या जंगलाच्या वरच्या अंगाला एक उघडाबोडका माळ आहे. त्या माळावर तीन खोल्या, एक जनरेटर, पाण्याची टाकी आणि लोखंडी जाळीची भलीमोठी तबकडी, एवढंच आमचं केंद्र. तबकडीला येडशीचे लोक परात म्हणायचे. महिन्याभरात आम्हीही तेच म्हणू लागलो. हाताच्या चाकानं ती आभाळाकडं वळवायची. आभाळात आमची एक दुर्बीण होती. दीड तासात ती पृथ्वीभोवती एक फेरी मारायची आणि दिवसातून चार-पाच वेळा आमच्या माथ्यावरून जायची. डोळ्यांना ती दिसत नसे. क्षितिजावर आली की यंत्राचा काटा हलायचा आणि पुढची आठ-दहा मिनिटं ती आमची. मग पलीकडं बुडाली की पुन्हा दीड तास वाट पाहायची.

त्या आठ-दहा मिनिटांत तिची प्रकृती विचारायची. बॅटरी किती, ताप किती, नळीतल्या वायूचा दाब किती. तिनं साठवलेलं सगळं टेपवर उतरवून घ्यायचं. आणि पुढच्या फेऱ्यांत किती वळायचं, कोणत्या ताऱ्याकडं तोंड करायचं, वाटेत कुठं डोळे मिटायचे, हे तिला आकड्यांच्या भाषेत सांगायचं. डोळे मिटायचे, कारण पृथ्वीभोवती एका जागी विद्युतभारित कणांचा दाट पट्टा आहे, आणि त्यातून उघड्या डोळ्यांनी गेलं तर आतली यंत्रणा खराब होते. हे आकडे मुख्य केंद्राकडून यायचे. अण्णा त्याला हुकमाचा कागद म्हणत.

दुर्बीण उजेड पाहणारी नव्हती, क्ष-किरण पाहणारी होती. हे गावकऱ्यांना समजावून सांगण्याचं काम अण्णांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. येडशीच्या रेल्वे स्टेशनाबाहेर एक चहाचं हॉटेल होतं. अरुंद रुळांवरच्या छोट्या गाडीची वाट पाहत बसलेली माणसं तिथं अण्णांना घेरायची. "अण्णा, दवाखान्यात छातीचा फोटू काढत्यात तेच किरण का हो हे?"

"तेच. फरक इतकाच, दवाखान्यात मशीन किरण सोडतंय आन् माणसाचा फोटू निगतो. हितं ताराच किरण सोडायलाय आन् आपुन नुसतं बगायलाव."

"मग हितनंच बगा की. वर कशाला जायचं?"

"हवा आडवी येतीया. ते किरण हवेतच जिरून जात्यात, हितपर्यंत येत न्हाईत. येत न्हाईत म्हणून तर आपुन जित्तं हाव." मग चहावाल्याकडं वळून, "दोन चहा, एक बिनसाकरेचा. काय सांगितलं मी?" चहावाल्यानं ते उलट, म्हणजे ऐकलं तसंच परत, म्हणून दाखवल्याशिवाय अण्णा बाकड्यावर टेकायचे नाहीत. कंडक्टरलाही ते तिकिटाचं गाव दोनदा म्हणायला लावायचे. त्यांच्याबरोबर एस.टी.तून जायची मला सुरुवातीला लाज वाटायची.

ही सवय फौजेतली. अण्णा तामलवाडीचे. निजामाच्या राज्यात जन्मले, दोन-चार इयत्ता उर्दूतून शिकले आणि मिसरूड फुटायच्या वयात फौजेत गेले. तिथं बिनतारी संदेशाच्या तुकडीत त्यांची हयात गेली. छप्पन साली घरच्यांनी बुद्धाचा धम्म घेतला, ती खबर त्यांना छावणीत पत्रानं कळली. "पत्र वाचलं आन् उलट वाचलं," ते सांगायचे, "मग ट्रंकेतला देव्हारा काढला आन् त्यात दाढीचं सामान ठिवलं." बहात्तरच्या दुष्काळात ते निवृत्त होऊन गावी आले, खडी फोडण्याच्या कामावर मुकादम झाले, आणि आमचं केंद्र निघालं तेव्हा बिनतारीचा माणूस म्हणून त्यांना कोणीतरी शोधून काढलं.

हुकूम देण्याची आमची रीत त्यांनीच बसवलेली. दोन माणसं, दोघांच्या हातात एकाच कागदाच्या दोन प्रती. अण्णा आपल्या कागदावरचा आकडा मोठ्यानं वाचायचे. मी तो माझ्या कागदाशी ताडायचा आणि माझ्या कागदावर जे असेल ते उलट वाचायचं. दोन्ही जुळलं की अण्णा "पाठवतो" म्हणायचे आणि बटण दाबायचे. जुळलं नाही तर मी "थांबा" म्हणायचं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला समोर बसवून बजावलं होतं, "भाईर कुनाला टोकू ने म्हणत्यात, म्हणू द्या. ह्या खोलीत टोकायचं. ज्येला टोकायला जमत न्हाय त्यानं भाईर जनरेटरपाशी बसावं."

एकदा खरोखरच मी त्यांना टोकलं. सातच्या जागी त्यांनी एक वाचलं होतं. मी भीतभीतच "थांबा, अण्णा" म्हणालो. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं, "कबूल" म्हणाले आणि बरोबर आकडा पाठवला. मग नोंदवहीत आपल्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं, 'चूक बनसोडे यांची. साहेबांनी टोकले.' त्या दिवशी त्यांनी मला स्टेशनावर नेऊन भजी खाऊ घातली.

गावातही त्यांचं हे चालायचं. एका रविवारी मी त्यांच्याबरोबर तामलवाडीला गेलो होतो. देवळासमोर दूध सोसायटीची बैठक होती. त्या वर्षी पाऊस पुन्हा गेलेला, जनावरांच्या पाण्यासाठी सोसायटीतर्फे एक बोअर घ्यायची होती, आणि ती बौद्धवाड्याच्या कडेला घ्यायची असं मागच्या बैठकीत ठरलं होतं. सचिव ठराव वाचू लागले. ते इतक्या भरभर वाचत होते की मला फक्त शेवटचं "सर्वानुमते मंजूर" तेवढं कळलं. माणसं चपला शोधू लागली. अण्णा उठून उभे राहिले. "पुन्हा वाचा."

चेअरमन पाटील म्हणाले, "अण्णा, चालत्या कामाला टोकू ने माणसानं."

"चालतंय म्हणूनच टोकायलो, पाटील. थांबल्यावर टोकून काय उपेग?"

सचिवांनी पुन्हा वाचलं. अण्णा म्हणाले, "आता हळू." तिसऱ्या वेळी वाचताना 'पाटलांच्या गोठ्याजवळ' या शब्दांपाशी सचिवांचा आवाज आपोआप बसला. त्यांनी खिशातून पेन काढलं, ते शब्द खोडले आणि ठरलेली जागा लिहिली. पाटील हसले आणि चूक लिहिणाऱ्याची, असं म्हणाले. बोअर वाड्याच्या कडेलाच झाली. पाणी बोटभर धारेचं लागलं, पण लागलं.

आता माझ्या घरचं सांगतो. सांगावंसं वाटत नाही, पण त्यावाचून पुढचं कळणार नाही. आमचं घर मुरूमचं, कापडदुकानवाल्यांचं. गळ्यात लिंग, घरात निम्मं बोलणं कन्नड. एकदा कामानिमित्त अण्णांना घेऊन मी घरी गेलो. आईनं त्यांचं कौतुक केलं, फौजेतला माणूस म्हणून ओसरीवर खुर्ची टाकली, ज्वारीची गरम भाकरी केली. पण ताट तिनं ओसरीवरच ठेवलं आणि दुसरी भाकरी वरून, हात लांब ठेवून वाढली. मी आत पाटावर जेवलो. अण्णांनी भाकरी खाल्ली, ताट स्वतः विसळलं आणि आईला "अन्नाला चव होती, माय" असं म्हणाले. एस.टी.त बसल्यावर त्यांनी तो विषय काढला नाही. मीही काढला नाही, आणि काढला नाही याचं मला त्या वेळी बरंच वाटलं.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात अण्णांची आई वारली. तामलवाडीहून निरोप आला आणि अण्णा गेले. टँकर दोन दिवसांआड येत होता, माळावर धुळीच्या वावटळी उठत होत्या, परातीच्या दात्यांत माती जाऊन चाक फिरवताना करकर वाजायचं. तीन दिवस मी आणि बदली आलेला एक माणूस, आम्ही कशाबशा फेऱ्या निभावल्या. चौथ्या दिवशी सकाळच्या गाडीनं अण्णा आले. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. मी म्हणालो, "अण्णा, दोन दिवस थांबायचं होतंत." ते म्हणाले, "मातीचं काम मातीला दिलं. हितलं काम कुनाला देऊ?" आणि खुर्चीवर जाऊन बसले.

दुपारची फेरी होती. काटा हलला, दुर्बीण आली. अण्णांनी समोरच्या चिमट्यातला हुकमाचा कागद उचलला आणि वळणाचा आकडा वाचला. मी माझ्या कागदावर पाहिलं. माझ्याकडं वेगळाच आकडा होता.

वळणाचा आकडा म्हणजे काय, तर दुर्बीण आता जिथं पाहते आहे तिथून किती फिरायचं. त्यामुळं कालचं वळण आज उपयोगाचं नसतं, कारण ती कालच्या जागी नसते. आणि एक गोष्ट कधीही होऊ द्यायची नव्हती. तिचं तोंड सूर्याकडं जाता कामा नये. तिला दोन डोळे होते, आणि त्यातल्या एकावर कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ पडदा होता, त्यामागं वायू कोंडलेला. सूर्यासमोर तो टिकला नसता.

मला एवढं सगळं माहीत होतं. अण्णांच्या हातातला कागद धुळीनं मळलेला, कोपरा दुमडलेला, ते गावी गेले त्या दिवसापासून चिमट्यात राहिलेला (बदली माणूस आपला कागद हातातच धरायचा), हेही मला दिसलं. खरं तर तो काढून तिथं आजची प्रत लावायचं काम माझं होतं. मी मान वर केली. अण्णांचा सुजलेला चेहरा, खुंट वाढलेली हनुवटी पाहिली. आईला पोचवून आलेल्या या म्हाताऱ्याला आता "थांबा, तुम्ही चुकलात" कसं म्हणायचं? मुख्य केंद्रानं फोनवरून बदल कळवला असेल, अण्णांना तो माहीत असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. आणि माझ्या कागदावरचा आकडा न वाचता अण्णांनी वाचलेलाच आकडा मी उलट म्हणालो.

"पाठवतो," अण्णा म्हणाले आणि त्यांनी बटण दाबलं.

दीड तासानं दुर्बीण परत आली तेव्हा तिचा ताप वाढलेला होता आणि पातळ पडद्याच्या डोळ्यातून काहीच येत नव्हतं. आकडे नुसते शून्य. पडदा फाटून वायू निघून गेला होता. अण्णांनी पुढच्या हुकमांनी तिला सूर्यापासून बाजूला वळवलं, दुसरा डोळा शाबूत आहे याची खात्री केली, फेरी संपेपर्यंत एकही शब्द वाया घालवला नाही. दुर्बीण बुडाल्यावर त्यांनी आपला कागद टेबलावर ठेवला. मग हात पुढं करून माझा कागद मागितला आणि तो त्याच्या शेजारी ठेवला.

"ह्यो कागद तुमच्या हातात व्हता?"

"हो."

"आकडा बगितला व्हता?"

मी मान डोलावली.

"मग?"

"अण्णा, तुम्ही आईला पोचवून आला होतात. अशा वेळी तुम्हाला कसं टोकणार?"

मी त्यांना कधी ओरडताना पाहिलं नव्हतं. तेव्हाही ते ओरडले नाहीत. खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले आणि हळू आवाजात बोलले. "माजी आई मेली, सायब. मी न्हाय मेलो. मेल्या माणसाला टोकत न्हाईत. फौजेत सुभेदारानं मला आईबापावरून शिव्या घातल्या, पर चुकलो की तिथल्या तिथं टोकलं. तवा पैल्यांदा वाटलं, आपुन ह्यांच्यातले हाव. गावात आमाला कोण टोकायचं? आमी चुकलो काय आन् बरूबर आलो काय, त्येंचं त्येंना. लांबनंच. मला वाटलं व्हतं, ह्या खोलीत तरी तसं न्हाय." त्यांनी माझा कागद माझ्यापुढं सरकवला. "तुमी आज मला मान दिलाव. तुमच्या ओसरीवरची भाकर बी मानाचीच व्हती."

ते बाहेर गेले आणि परातीच्या सावलीत जाऊन बसले. मी खोलीतच राहिलो. इतकी शरम मला त्याआधी कधी वाटली नव्हती. त्यानंतरही एकदाच वाटली, आणि ती पुढं दहा दिवसांनी.

मुख्य केंद्रातून दोन साहेब जीपनं चौकशीला आले. अण्णांनी नोंदवहीत आधीच लिहून ठेवलं होतं, 'जुना कागद वाचला. चूक बनसोडे यांची.' माझ्याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. ज्याचं त्यानं सांगायचं, असं त्यांचं म्हणणं असावं. त्यांनी साहेबांना तोंडीही तेवढंच सांगितलं आणि भिंतीला टेकून उभे राहिले. त्या महिन्यात माझी मुख्य केंद्रात बदली ठरल्यात जमा होती. मोठं शहर, मोठं काम, आईनं मुलीही पाहायला घेतलेल्या. साहेबांनी मला विचारलं, "तुमच्याकडं बरोबर कागद होता. फरक तुमच्या लक्षात आला नाही?"

"नाही सर," मी म्हणालो. "नजरचूक झाली."

साहेब लिहू लागले. दोन ओळी लिहून झाल्या असतील, तेवढ्यात भिंतीकडून आवाज आला. "पुन्हा सांगा, सायब."

साहेबांनी पेन थांबवलं. "बनसोडे, तुम्ही मध्ये बोलू नका."

"मधी न्हाय बोलत, सायब. उलट वाचून घ्यायलो."

मी त्यांच्याकडं पाहिलं. मला वाटलं होतं त्यांच्या चेहऱ्यावर राग असेल, सूड असेल. तसं काहीच नव्हतं. सात-आठ महिन्यांपूर्वी, सातच्या जागी एक वाचल्यावर मी त्यांना थांबवलं तेव्हा ते जसे पाहत होते, तसेच ते माझ्याकडं पाहत होते. वाट बघत होते. बाहेर जनरेटरचा आवाज चालला होता आणि साहेब दोघंही आता माझ्या तोंडाकडं बघत होते.

"फरक मला दिसला होता," मी म्हणालो. "अण्णा दुःखात होते म्हणून मी बोललो नाही. माझ्या कागदावरचा आकडा मी वाचलाच नाही. थांबवणं माझं काम होतं. ते मी केलं असतं तर डोळा वाचला असता."

"बरूबर," अण्णा म्हणाले. सवयीनं म्हणाले असतील.

माझी बदली रद्द झाली. अण्णांना हुकूम देण्याच्या खुर्चीवरून काढलं आणि परातीच्या देखभालीवर टाकलं. माझ्या खरं बोलण्यानं त्यांची शिक्षा कणभर कमी झाली नाही, हे मला आजही डाचतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते ग्रीसनं माखलेल्या हातांनी खोलीच्या दारात आले आणि म्हणाले, "शिवराज, चहा घेटलास का?" त्या दिवसापासून त्यांनी मला पुन्हा साहेब म्हटलं नाही. माझे वडील वारल्यानंतर मला असं नावानं हाक मारणारं वडीलधारं पुरुष माणूस उरलं नव्हतं. मी चहा घेतलेला होता, तरी त्यांच्याबरोबर पुन्हा घेतला.

पुढं तीन वर्षं दुर्बीण एका डोळ्यानं चालली. एक तारा होता, त्याचे किरण ठरावीक ठोक्यानं येत. कागदावर पेन टिकटिक उठायचं. अण्णा चाक फिरवून झालं की दारातून वाकून तो कागद बघायचे. "नाडी चांगली हाय," म्हणायचे. खुर्चीवर नवीन आलेला माणूस त्यांना मान द्यायचा, उठून उभा राहायचा. त्याला ते म्हणायचे, "उठू नगंस. माजं चाक अर्धा अंश मागं व्हतं, ते तू बोलला न्हाईस. ते बोल आदी." शेवटी उरलेल्या डोळ्यातलाही वायू संपला, मुख्य केंद्रानं काम थांबवायचं कळवलं, आणि माळावरचं केंद्र बंद झालं. परात उतरवून ट्रकमध्ये घातली तेव्हा अण्णांनी प्रत्येक सुटा भाग नाव घेऊन वाचला आणि ट्रकवाल्याकडून उलट म्हणवून घेतला.

मी मग दुसऱ्या नोकरीत, दुसऱ्या शहरात गेलो. अण्णा तामलवाडीला राहिले, सोसायटीच्या बैठकांना जात राहिले. अधूनमधून पोस्टकार्ड यायचं. माझ्या लग्नाला ते आले, आणि मुरूमच्या घरात पंगतीला मी त्यांच्या शेजारी बसलो. आईनं आधी तोंड फिरवलं, मग स्वतः वाढायला आली. तिच्यात एवढा बदल कशानं झाला हे मी तिला विचारलं नाही. नंतर बऱ्याच वर्षांनी एका सकाळी अण्णांच्या पुतण्याची तार आली.

पोचेस्तोवर सगळं झालेलं होतं. वाड्यासमोरच्या मोकळ्या जागेत शोकसभा चालली होती. पांढरी चादर अंथरलेली, खुर्चीवर फौजेच्या टोपीतला अण्णांचा फोटो, त्याला हार. बायकांच्या बाजूला त्यांच्या पत्नी पारूकाकू पांढऱ्या लुगड्यात बसलेल्या. एकामागून एक माणूस उठत होतं आणि अण्णांना आभाळाएवढं करून खाली बसत होतं. शेवटी पाटील बोलायला उभे राहिले. तेही आता थकले होते, हातात काठी होती. म्हणाले, "लई मोठा माणूस व्हता. आमच्या चुका त्येनं काढल्या, पर सवताच्या हातानं त्येनं उभ्या जल्मात एक चूक केली न्हाय. असा निर्दोष माणूस पुन्हा व्हणे न्हाय." लोकांनी माना डोलावल्या. काहींनी डोळे पुसले.

शोकसभेत मधे बोलत नाहीत. मेलेल्या माणसाबद्दल तर नाहीच. तरी मी उभा राहिलो. "केली होती," मी म्हणालो. "एक चूक केली होती अण्णांनी. मी तिथं होतो."

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. कोणीतरी मागून "बसा, बसा" म्हणालं. पाटील मात्र खाली बसले. मग मी ती दुपार सांगितली. जुना कागद सांगितला, दुर्बिणीचा डोळा गेला तो सांगितला, माझ्या हातातला खरा कागद आणि माझं गप्प बसणं सांगितलं, चौकशीतलं माझं पहिलं उत्तर सांगितलं आणि दुसरंही सांगितलं. नोंदवहीत त्यांनी काय लिहिलं होतं ते शब्दाला शब्द सांगितलं. बोलून झाल्यावर मी खाली बसलो. मला वाटलं, आपण या घराचा आजचा दिवस नासवला.

माणसं पांगू लागली तेव्हा पारूकाकूंनी मला हातानं जवळ बोलावलं. मी त्यांच्यापुढं चवड्यावर बसलो आणि माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी मला बोलू दिलं नाही.

"सकाळधरनं लोकं बोलायलेत," त्या म्हणाल्या. "आमी देव मानत न्हाय, आन् समद्यांनी मिळून त्येंचा देव केला. म्या आयकायले, आयकायले, आन् मला वळखूच यीना कुणाचं सांगायलेत ते. तुमी त्येंची चूक सांगितलाव, तवा कुठं माजा माणूस दिसला मला."

तोवर मी रडलो नव्हतो.